देवरामचा खेकडा

दहा महिने देवरामच्या अंगणात लोखंड पडलं होतं आणि त्या लोखंडाशेजारी स्टुलावर देवराम. येणारा-जाणारा कुंपणाशी थांबायचा, आधी लोखंडाकडे बघायचा, मग देवरामकडे, आणि विचारायचा, "झालं का?" देवराम म्हणायचा, "होतंय." हे "होतंय" म्हणून म्हणून त्याचं तोंड दुखायला लागलं होतं.

होत होता तो माती खणणारा एक हात, घरच्या छोट्या ट्रॅक्टरच्या मागे जोडायचा. जेसीबीला मागे असतो तसाच, पण धाकटा. खांद्यात फिरणारा, कोपरात वाकणारा आणि पुढे दात असलेलं बकेट. जेसीबी काय, डोळखांबच्या रस्त्यावर बोलावला की येतो. पण तो भातखाचरांत उतरला की एक बांध घालायच्या नादात चार मोडून ठेवतो. देवरामचा ट्रॅक्टर अंगाने बारीक, दोन बांधांच्या मधून बिनबोभाट निघतो. त्याच्या मागे असा हात बसवायचा आणि वैशाखात बांधाच्या सावडीला तो घेऊन जायचं, एवढाच देवरामचा बेत होता.

सावड म्हणजे एकमेकांच्या शेतावर आळीपाळीने राबणं. पावसाने फोडलेले आणि खेकड्यांनी पोखरलेले बांध वैशाखात पुन्हा घालायचे, आज याचे, उद्या त्याचे. सावडीला पैसा चालत नाही, भाड्याचा माणूस चालत नाही. अंग मोजतात. एका घराचं एक अंग, आणि बांधाला ते गड्याचंच लागतं, कारण बांध म्हणजे कुदळ, पहार आणि दगड. बायकांचं अंग धरतात ते आवणीला, रोपं लावताना. हा कायदा कुणी केला ते कुणाला ठाऊक नाही, पण पाळतात सगळे. आदल्या संध्याकाळी गावातला ज्ञानेश्वर घरोघर फिरून हाक देतो, "अमक्याच्या बांधावर या रे उद्या." ती हाक दोन वैशाख देवरामचं दार सोडून पुढे गेली होती.

कारण तीन वर्षांपूर्वी असाच एक दगड उचलताना देवरामच्या कमरेत काहीतरी कटकन वाजलं. ठाण्याला ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं, वाकायचं नाही, उचलायचं नाही, कंबर पिळायची नाही. "मग करायचं काय?" देवरामने विचारलं. "आराम," डॉक्टर म्हणाले. आराम हा शब्द त्या घरात तोवर फक्त बैलांच्या बाबतीत निघायचा. मुरबाडच्या कारखान्यात बावीस वर्षं वेल्डिंग आणि सुट्टीला शेती, असं आयुष्य काढलेला सत्तावन्न वर्षांचा माणूस पट्टा बांधून पडवीत बसला. एकुलती मुलगी स्नेहल वासिंदला सासरी. घरात दुसरं गड्याचं अंग नाही.

तरी माणसं यायची. दोन्ही वर्षं त्याचे बांध त्यांनी घालून दिले, न बोलावता. पण पूर्वी त्याच्या बांधावर आली की हीच माणसं चहा गार म्हणून ओरडायची, दुपारी हळूच सावलीला लोळायची, देवरामच्या टकलावरून गंमत करायची. आता कुणी गंमत करेना. चहा गार असला तरी गुपचूप प्यायची. आणि बाईजाकाकू, म्हणजे पलीकडच्या खाचरांची म्हातारी, जिचा मुलगा कल्याणहून रजा टाकून सावडीला येतो, ती एकदा देवरामच्या बायकोला, शकूला, म्हणाली, "करतील गो पोरं. तुमचं काय, आता धर्माचं काम." म्हातारीच्या मनात काही वाईट नव्हतं. पण शकूच्या नवऱ्याने पडवीतून ते ऐकलं आणि त्या दिवशी तो जेवला नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने वेल्डिंगचं मशीन बाहेर काढलं.

तेलाच्या दाबावर हात हलवणारे सिलिंडर आणले कल्याणच्या भंगारातून, कुठल्या तरी मेलेल्या यंत्राचे. जाड पत्रा शहापूरला गॅसने कापून घेतला. पिना मुरबाडच्या ओळखीच्या लेथवाल्याकडून. बकेटचे दात ट्रकच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्यांचे. आणि हे सगळं ट्रॅक्टरला नुसतं मागे लटकवलं तर खणताना ट्रॅक्टरचाच कणा मोडेल, म्हणून पोटाखालून पुढच्या अॅक्सलपर्यंत एक चौकट घातली. स्वतःच्या कण्यासाठी जी अक्कल चालवली नाही ती त्याने ट्रॅक्टरच्या कण्यासाठी चालवली.

आता वेल्डिंग एकट्याने होत नाही. कुणीतरी धरायला लागतं. ते कुणीतरी म्हणजे शकू. पहाटे भाकऱ्या, मग शेण, मग पाणी, मग शेत, आणि दुपारी व्होल्टेज बरं असेल तेव्हा पत्र्याचं टोक धरून तोंड फिरवून डोळे मिटून उभं राहायचं.

"शकू, हलवू नको गो."

"हलवत नाय. हात थरथरतो."

"थरथरवू नको."

"बरं," शकू म्हणायची. या "बरं"मध्ये काय काय होतं ते देवरामने कधी उकलून बघितलं नाही. दोनदा तिचे डोळे झळेने सुजले. डोळ्यांवर बटाट्याच्या चकत्या ठेवून ती पडली आणि संध्याकाळी तिने त्याच चकत्यांची भाजी करू का, म्हणून विचारलं. तेलाच्या नळ्या कुठली कुठे जाते हे देवराम सारखा विसरायचा, म्हणून तिने जुनं लुगडं फाडून नळ्यांना चिंध्या बांधल्या. पिवळी खांद्याची, लाल कोपराची, हिरवी बकेटची, बिनचिंधीची अख्खा हात फिरवायची.

पहिल्या चाचणीला बकेट जमिनीत रुतलं आणि ट्रॅक्टरची पुढची चाकं हवेत गेली. कुंपणाशी उभ्या असलेल्या ज्ञानेश्वरने टाळ्या वाजवल्या. मग पुढे वाळूच्या गोण्या बांधल्या, बाजूला दोन लोखंडी पाय लावले. चैत्र संपता संपता ते यंत्र अंगणात खड्डा खणू लागलं. पाय पसरून बसलेलं, एकच नांगी उगारलेलं. ज्ञानेश्वर म्हणाला, "खेकडा झालाय रे देवरामदादा. आजवर खेकड्यांनी बांध फोडले, आता खेकडाच घालणार." गावाला ते नाव पटलं.

देवराम हसला, पण त्याचं लक्ष दाराकडे होतं. वैशाखातल्या एका संध्याकाळी ती हाक आली. "देवरामदादा! उद्या बाईजाकाकूच्या बांधावर ये रे." ज्ञानेश्वर हाक देऊन पुढे निघूनही गेला. देवराम शकूला म्हणाला, "ऐकलंस?" ती चुलीपाशी होती. "ऐकलं," ती म्हणाली, "डिझेल भरून ठेवा."

या सगळ्यात देवरामची एक चूक झाली होती. ट्रॅक्टर चालवणारा माणूस जन्मभर मान मागे वळवून नांगराकडे बघत असतो. देवरामनेही तीस वर्षं बघितलं होतं. म्हणून खेकड्याचे लिव्हर त्याने ट्रॅक्टरच्या नेहमीच्या सीटशेजारी उजव्या हाताला बसवले. एक सीट असताना दुसरी कशाला? बसायचं पुढे तोंड करून आणि बघायचं मागे वळून, त्यात काय? अंगणात सगळ्या चाचण्या त्याने जमिनीवर उभं राहून, हात लांबवून केल्या होत्या. दिवसभर कंबर पिळून बसायला लागेल, हे त्या बावीस वर्षं मुरलेल्या कारागिराच्या डोक्यातच आलं नाही.

बाईजाकाकूचा बांध दोन ठिकाणी फुटला होता. अकरा गडी कुदळी घेऊन उभे. देवरामने पाय टेकवले, लिव्हर ओढला, आणि खेकड्याने ओहोळाच्या कडेची घट्ट माती उचलून फुटलेल्या जागी अशी टाकली की माणसं कुदळी टेकवून बघत राहिली. दुसरं बकेट, तिसरं. दोघांनी पहारीने हलवायचा दगड नांगीने नुसता कडेला सारला. "आयला," कुणीतरी म्हणालं. ज्ञानेश्वर खाली बसून तंबाखू मळायला लागला. "चालू दे दादा, आमी बघतो." आणि मग एकजण ओरडला, "टकलाला ऊन लागंल, टोपी घाला!" तीन वर्षांत पहिल्यांदा. देवरामला त्या क्षणी इतकं बरं वाटलं की कमरेतली कळ त्याने कळ म्हणून धरलीच नाही.

तासाभराने ती कळ खाली पायात उतरली. तरी त्याने चार बकेटं टाकली. पाचवं हवेत असताना त्याचा हात लिव्हरवर तसाच राहिला आणि तोंडून आवाज निघेना. पुढे वळता येईना, मागे वळता येईना. ज्ञानेश्वरने आधी चावी फिरवली आणि मग चौघांनी मिळून त्याला ताठलेल्या फळीसारखं उतरवलं. आंब्याखाली घोंगडीवर निजवलं. कुणीतरी टोपीने वारा घालू लागलं. पुन्हा सगळे अदबीने बोलायला लागले.

"राहू दे दादा. आमी करतो हातानं. तू पड."

त्या "राहू दे"ने देवरामच्या डोळ्यांत पाणी आलं. कळीने आलं असं सगळ्यांना वाटलं.

शकू चहाची किटली घेऊन तेवढ्यात पोचली होती. तिने नवऱ्याकडे बघितलं, पाय हलवता येतो का विचारलं, येतो म्हटल्यावर किटली बाईजाकाकूच्या हातात दिली. मग हवेत लटकलेल्या बकेटकडे बघितलं आणि अर्ध्या फुटलेल्या बांधाकडे. कुणाला काही न विचारता तिने पदर खोचला आणि ट्रॅक्टरवर चढली. तिला मागे वळून बसायची सवय नव्हतीच. ती सरळ सीटवर उलटी, गुडघ्यांवर बसली, मागे तोंड करून. उजवीकडचे लिव्हर तिच्या डावीकडे आले.

"वैनी, उतरा," ज्ञानेश्वर म्हणाला. "जमायचं नाय."

"नळ्या मी बांधल्यात," शकू म्हणाली. "चावी द्या."

पहिल्या झटक्याला नांगी भलतीकडे फिरली आणि धडधाकट बांधाचा हातभर तुकडा खाली आला. गडी पळाले. "वैनी, घालायचाय, पाडायचा नाय!" ती हसली नाही. लाल, हिरवी, पिवळी असं तोंडाने पुटपुटत राहिली. दुपारपर्यंत नांगी तिचं ऐकायला लागली. संध्याकाळी बाईजाकाकूच्या बांधाच्या दोन्ही फुटलेल्या जागा भरल्या होत्या, आणि वर तिचा ओहोळही साफ झाला होता.

निघताना एकाने विचारलं, "हे अंग कसं धरायचं? बांधाला बाईमाणूस..."

"बाईमाणूस काय, खेकडा म्हणून धर," ज्ञानेश्वर म्हणाला. सगळे हसले आणि तो प्रश्न तिथेच मिटला. आंब्याखाली पडलेला देवरामही हसला. त्याला खरंच आनंद झाला होता. घराचं अंग भरलं होतं.

शहापूरच्या डॉक्टरांनी मात्र त्याला पडायला लावलं आणि सांगितलं, यंत्रावर बसणं बंद. कंबर पिळली काय, नुसते धक्के बसले तरी पाय कायमचा जाईल. देवरामने ऐकून घेतलं आणि मनात त्याला "सध्या" असा शब्द जोडून टाकला.

दुसऱ्या संध्याकाळी दाराशी ज्ञानेश्वरची हाक आली. "शकूवैनी! उद्या आमच्या बांधावर हां."

देवराम पडवीत फळीवर आडवा होता. हाक त्याच्या अंगावरून आत गेली. "येईल ती," तो म्हणाला, कारण काहीतरी म्हणायला हवं होतं.

नऊ दिवस शकू गेली. देवराम पडवीतून कान देऊन ऐकायचा. इंजिनचा आवाज दबला की त्याला कळायचं, कोपर नको तेवढं लांबवलंय. एकदम सुटला की कळायचं, दगड निसटला. "खांदा घे, खांदा," तो एकटाच म्हणायचा. त्याला बायकोचा हेवा वाटायचा. हेव्याची लाज वाटायची, आणि लाज वाटली तरी हेवा काही जायचा नाही. खेकडा त्याने केला होता. वेल्डिंगचे रॉडमागून रॉड त्याने जाळले होते. आणि आता वाटेने जाणारी माणसं पडवीकडे बघून विचारायची, "वैनी हाय का घरात?"

संध्याकाळी वैनी घरात यायची ती भिंतीला धरून. गुडघ्यांवर काळेनिळे डाग. आली की हात धुऊन चूल, मग गोठा, मग त्याच्या कमरेला शेक. तीही थकली होती आणि तोही, ती राबून आणि तो पडून, आणि दोघांच्यात बोलायला उरलेलं फारसं काही नव्हतं.

अमावास्येला सावड बंद असते. त्या दुपारी देवराम पट्टा आवळून उठला, काठीच्या टोकाला खडू बांधला आणि उभ्याउभ्याच पडवीच्या फरशीवर एक आकृती काढली. नवी सीट. मागे तोंड करून बसायची, पाठीला उंच टेकू, लिव्हर समोर. पडल्या पडल्या त्याने ती नऊ दिवस मनात घडवली होती. घरगुती काम, एकदा वेल्डिंगने जोडलं की मागे-पुढे सरकणार नाही, म्हणून माप नेमकं हवं. त्याने आपल्या पायांचं, आपल्या हातांचं माप धरलं होतं.

शकू चहा घेऊन खांबाला टेकून बसली होती. कप तिने दोन्ही हातांनी धरला होता, कारण एका हाताची बोटं मिटत नव्हती.

"काय काढलात?"

"सीट. कंबर पिळायला नको, गुडघे टेकायला नकोत."

"अगो बाई." ती कप ठेवून सरकत सरकत आली आणि खडूच्या रेघांमध्ये पाय पसरून बसली. टाच रेघेपर्यंत पोचेना, वीतभर राहिली. हात लांबवला तर लिव्हरच्या खुणेला बोटाची टोकं जेमतेम लागत होती. "हे कुणाच्या मापाचं?"

देवरामने काठी भिंतीला टेकवली.

"तुमच्या?"

"पावसानंतर बरं वाटलं की मीच..."

"डॉक्टर काय बोलला?"

"डॉक्टर बोलतात."

शकू रागावेल असं त्याला वाटलं. रागावली असती तर त्याला सोपं गेलं असतं, उलट बोलता आलं असतं. पण ती तशीच रेघांमध्ये बसून राहिली, पसरलेल्या पायांकडे बघत.

"मला हौस नाय हो," ती म्हणाली. "कुणाला वाटत असंल शकू लय तोऱ्यात हाय. मला नाय हौस. तुमच्या वाटचं भात मी झोडलं, तुमच्या वाटचा नांगर मी धरला, आता हे पण. तुमी बसलात तर मी देवाला नारळ फोडीन. पण उद्या कुणी बसायचं, तेवढं सांगा."

दहा महिने देवराम म्हणत होता की हे घरासाठी, घराचं अंग भरावं म्हणून. तिचं ओझं कमी व्हावं, असंही एकदोनदा म्हणाला होता. आणि झालं होतं काय, तर तिच्या डोक्यावर आणखी एक भारा चढला होता, तो त्याने स्वतःच्या हाताने बांधून दिलेला. हे त्याला आज कळलं असं नाही. आज ते कळून न कळल्यासारखं करता येईना, एवढंच. त्याला सगळ्याचा फार कंटाळा आला. लोखंडाचा, फळीचा, त्या "सध्या"चा.

त्याने पायाने फरशीवरच्या रेघा पुसल्या. पुसायला वेळ लागला, कारण खडू खरखरीत फरशीत बसला होता.

"स्टुलावर बस," तो म्हणाला. "नीट टेकून. पाय खाली सोड."

तो टेप घेऊन आला. गुडघ्यापासून टाचेपर्यंत माप घ्यायला त्याला वाकता येईना, म्हणून टेपचं खालचं टोक तिनेच पायाच्या अंगठ्यात दाबून धरलं आणि त्याने वरून आकडा वाचला. मग म्हणाला, "हात पुढं कर. ताठ नको, कोपर वाकव. दिवसभर ठेवता येईल असा."

तिने हात पुढे केला. तळहाताला लिव्हरचे घट्टे पडले होते. वीस इंच. त्याच्या मापापेक्षा पाच कमी.

"एवढ्यावर लिव्हर आणले तर तुमचे गुडघे आपटतील त्याला," शकू म्हणाली.

"आपटतील."

"मग तुमी कसे बसणार?"

"मी नाय बसणार."

बोलून झाल्यावर त्याला वाटलं, ती काहीतरी म्हणेल. बरे व्हाल, बघू, असलं काहीतरी. शकूने त्याच्याकडे एकदा नीट बघितलं. मग मापलेला हात खाली घेतला आणि दुसरा पुढे केला.

"हा पण मोजा," ती म्हणाली. "डावा जरा आखूड हाय."